दहापैकी पाच

संघातल्या सगळ्या तिला 'भिंत' म्हणत. रग्बीत पुढच्या फळीत उभं राहायचं, समोरचीला खांद्याने रेटायचं, पळत येणारीला कमरेत धरून आडवं करायचं, हे तिचं काम. अकरा वर्षं तिने ते इमानेइतबारे केलं. आधी सकाळभर लाँड्रीत चादरींना इस्त्री आणि संध्याकाळी सराव, असं चालायचं. पुढे क्लबने पगारावर घेतलं आणि इस्त्री सुटली. आई शेजारणींना सांगायची, "पोरगी ढकलाढकली करते आणि वर तिला पगार देतात. ऐकावं ते नवलच!"

आता या धंद्यातली एक गोम सांगते. हंगामाआधी संघाची डॉक्टर एकेकीची परीक्षा घेते. दहा शब्द वाचून दाखवते, ते परत म्हणायचे. मग महिने उलटे म्हणायचे, एका पायावर उभं राहायचं. पुढे डोक्याला मार लागला की हीच परीक्षा पुन्हा, आणि आकडा घसरला की खेळ बंद. पण पोरी काय कमी बिलंदर? पहिल्याच परीक्षेत त्या मुद्दाम चुकायच्या. जुन्या कप्तानने हिला शिकवलं होतं, "आधीच खाली बस, म्हणजे पडायची भीती नाही."

भिंत दरवर्षी पाचच शब्द सांगायची. घरी आल्यावर मात्र आईपुढे दहाच्या दहा घडाघडा म्हणून दाखवायची. आई हसून हसून बेजार व्हायची. "चोरटे! ही अक्कल शाळेत कुठे गेली होती गं?"

या वर्षी उपांत्य सामन्यात एकीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. ती उठली, हात वर करून "ठीक आहे" म्हणाली आणि थेट विरुद्ध संघाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिला बाहेर काढलं.

चार दिवसांनी परीक्षा झाली. डॉक्टरने दहा शब्द वाचले. या खेपेला भिंतीने जीव ओतून ऐकलं. खिडकी, साबण, दोरी, चमचा, घोडा. पुढे काहीच येईना. तिने तपासणीच्या गादीची कड घट्ट धरली, डोळे मिटले. तरी नाही.

"पाच," डॉक्टर खूश होऊन म्हणाली. "अगदी पहिल्याइतकेच! खेळ अंतिम सामना."

भिंत गप्प बसली असती तर रविवारी ती मैदानावर असती. अकरा वर्षांत पहिल्यांदा संघ अंतिम सामन्यात पोचला होता. पण ती घाबरली होती, अगदी लहान पोरीसारखी घाबरली होती.

"डॉक्टर, मी खोटं बोलले होते. मला दहाही यायचे."

डॉक्टर चिडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं पेन खाली ठेवलं. "मग आता तुला खेळवत नाही."

"परत कधी?"

"डोकं पहिल्यासारखं झालं की. पण पहिलं कसं होतं, हे कशावरून ठरवू? हा कागद तर तूच बिघडवलास."

"आई सांगेल ना. दरवर्षी तिच्यापुढे म्हणायचे मी."



अंतिम सामना तिने बाकावर बसून पाहिला. संघ हरला आणि ती ढसाढसा रडली.

विश्रांती सांगितलीय, एवढंच तिने आईला सांगितलं होतं. महिन्याभराने आईने तिला दुकानात धाडलं. पाच वस्तू सांगितल्या होत्या, ती नुसता साबण घेऊन आली. असं तिसऱ्यांदा झालं, तेव्हा आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"पुरे झालं नाटक! डॉक्टरीणबाईंना फसवलंस, आता मला फसवतेस होय? म्हण बघू. साबण, दोरा, मीठ, काडेपेटी, बल्ब."

"साबण, दोरा..." भिंत म्हणाली आणि थांबली.

आई हसत वाट बघत होती. दरवर्षी बघायची तशीच. मग ते हसू हळूहळू ओसरायला लागलं. तो चेहरा भिंतीला बघवेना.

"चेष्टा केली गं," ती म्हणाली.

"वाटलंच मला! चोरटे!" आईचा जीव भांड्यात पडला. ती पुन्हा शेगडीकडे वळली. "जा आता, राहिलेलं घेऊन ये."

भिंत पिशवी घेऊन दारात उभी राहिली. काय राहिलंय, हे आता आईला विचारायची सोय उरली नव्हती.