रास अल खैमातलं फ्रेंच फार्महाऊस आणि दाराला अडकवलेली दिवाळी

यंदा दिवाळीत घराला कुलूप लावून जायचं, एवढं माझं ठरलेलं होतं. कुठे जायचं, ते माझ्या मेहुण्याने ठरवलं.

माझी बायको नीता रमजानात गेली. दुखवट्याच्या घरी वर्षभर तळण होत नाही, मग शेजारीपाजारी फराळ आणून देतात. अबू धाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीमध्ये आमच्या बिल्डिंगमध्येच पाच-सहा मराठी घरं आहेत. म्हणजे पाच-सहा वेळा बेल वाजणार, पाच-सहा पडलेले चेहरे, "करंज्या जरा फुटल्यात हं" असं काहीतरी पुटपुटत हातात डबा. मला ते नको होतं. एक दिवाळी बेल न वाजता जावी, इतकंच.

"पण बाबा, दे विल कम अँड वुई वोन्ट बी हिअर," ईशा म्हणाली. ती चौदा वर्षांची आहे.

"म्हणूनच चाललोय."

तिने खोलीचं दार लावून घेतलं.

नीताला फ्रान्सच्या खेड्यातल्या जुन्या शेतघरात आठवडाभर राहायचं होतं. टीव्हीवर तसली घरं दिसली की ती आमटी करपेपर्यंत बघत बसायची. तिचा भाऊ राजन दुबईत देऱ्याला कार्गोच्या ऑफिसात आहे. त्याने फोन केला. "भाऊजी, ताईचं फ्रान्स राहिलं ना? रास अल खैमात फ्रेंच फार्महाऊस आहे. ना व्हिसा, ना विमान. बुक करतो, खलास." फ्रान्सला असा शॉर्टकट असतो हे मला ठाऊक नव्हतं. मी हो म्हटलं, कारण कुलूप लावायला कारण हवं होतं.

जाणाऱ्यांसाठी: अबू धाबीहून निवांत तीन तास धरा. एमिरेट्स रोडने गेलात तर दुबईचा टोल वाचतो, ट्रकवाल्यांचा सहवास मात्र फुकट मिळतो. वाटेत पंपावर वेलदोडा घातलेला इथला कडक करक चहा घ्या, दोन दिरहम, म्हणजे पन्नासेक रुपये. संपूर्ण सहलीत पैसे वसूल झाले ते या एका कपात.

घर खरोखर जुनं आहे. डोंगराच्या पायथ्याशी खजुराची बाग, मधोमध जाड मातीच्या भिंतींचं, खुज्या दारांचं शेतघर. पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी इथे उन्हाळे काढले असणार. ते तसंच ठेवलं असतं तर मी दोन शब्द चांगले लिहिले असते. पण मालकाने त्याचं फ्रान्स केलंय. खिडक्यांना निळ्या झडपा आहेत आणि त्या उघडत नाहीत, भिंतीवर नुसत्या ठोकल्यात. अंगणात चाकं न फिरणारी सायकल, तिच्या टोपलीत प्लॅस्टिकचं लॅव्हेंडर, त्यावर वाळवंटाची धूळ. घराचं नाव फ्रेंच आहे. त्याचा उच्चार करू शकेल असा एकही माणूस तिथे भेटला नाही.

"बॉन्जूर, सर!" मॅनेजर म्हणाला आणि लगेच मागे वळून मल्याळममध्ये कुणावर तरी ओरडला.

राजन दुबईहून आपल्या गाडीने आला होता; त्याची बायको स्मिता आल्याआल्या फोटो काढत सुटली. "भाऊजी, इकडे बघा. थोडं हसा."

मी बघितलं.

एका रात्रीचे नऊशे दिरहम. राजनने मोठ्याने एकवीस हजार रुपये असा हिशेब केला आणि लगेच "पण फ्रान्सला किती पडलं असतं!" म्हणून स्वतःची समजूतही घातली. जेवणात कांद्याचं सूप होतं. आपण कांद्याच्या रश्शात पाणी जास्त झालं तर कुणाला सांगत नाही, हे लोक वर पाव तरंगत ठेवून सांगतात. बागेतलेच खजूर दुकानात जांभळी रिबीन बांधून, फ्रेंच चिठ्ठी लावून ठेवले होते. राजनने दोन मोठी खोकी घेऊन माझ्या गाडीत टाकली. फ्रान्सहून काहीतरी न्यायला हवं म्हणून.

ईशाला विचारलं, कसं वाटतंय.

"आई वुड हॅव लाफ्ड अ लॉट," ती म्हणाली. दिवसभरात एवढंच.

दुसऱ्या दिवशी पहिली अंघोळ. नाश्त्याला अंगणात बसलो. टेबलावर पाव, जॅम आणि प्रत्येकी एक चीजचा तुकडा. स्मिताने पिशवीतून स्टीलचा डबा काढला. चकल्या, चिवडा, शंकरपाळे. माझ्याकडे न बघता तिने तो माझ्यासमोर सरकवला. तीन तास गाडी चालवून मी ज्याच्यापासून पळालो होतो, ते पावाशेजारी येऊन बसलं.

तेवढ्यात मॅनेजर आला. "सॉरी मॅडम, आउटसाइड फूड नॉट अलाउड."

"भैया, ये फूड नहीं है," स्मिता म्हणाली. "दिवाली है."

"मॅडम, पॉलिसी है."

"तुम्हारी पॉलिसी फ्रान्स में रखो!" राजन उठला.

मॅनेजरने अदबीने डब्याला हात लावला. मी तो हात बाजूला केला. का, ते अजूनही नीट सांगता येणार नाही. "रहने दो," मी म्हटलं. "हमारे घर में डेथ हुआ है. ऐसे घर में आया हुआ डब्बा वापस नहीं करते."

तो दोन पावलं मागे सरकला. "सॉरी सर," म्हणाला आणि गेला. मी झाकण काढून एक चकली घेतली. कडक झाली होती.

ईशा माझ्याकडे बघत होती. "वापस नहीं करते," ती म्हणाली. "देन बाबा, व्हाय डिड वुई लीव्ह?"

मी चकली संपवली आणि राजनला म्हटलं, "मी हिला घेऊन घरी जातो."

"भाऊजी, दोन रात्रींचे पैसे दिलेत! रिफंड नाही!"

"तुम्ही राहा. फ्रान्स बघा."

सामान आवरून दुपारी निघालो, संध्याकाळी लिफ्टमधून बाहेर आलो. दाराच्या मुठीला पिशव्या अडकवलेल्या होत्या, एकात एक गुंतलेल्या. दोन डबे खाली पायपुसण्यावर. एका पिशवीवर पेनने लिहिलं होतं, "ईशासाठी, कमी तिखट." आम्ही नव्हतो, तरी सगळे येऊन गेले होते. बेल वाजवून, थांबून, खाली गेले होते.

डबे ओट्यावर रिकामे केले, धुतले. "उद्या देऊन येऊ," मी म्हटलं. "आपल्याला यंदा रिकामे दिले तरी चालतात."

"आई वुडन्ट," ईशा म्हणाली.

खरं होतं. नीताने कुणाचा डबा कधी रिकामा परत केला नाही. घरात काही नसलं तर मूठभर साखर. पण साखरेच्या बरणीत तळाशी चिकटलेलंच उरलं होतं, आणि तळायचं तर नव्हतंच.

ईशा खाली जाऊन गाडीतली खोकी घेऊन आली. जांभळी रिबीन कापली, फ्रेंच चिठ्ठी कचऱ्यात टाकली आणि प्रत्येक डब्यात खजूर भरले. तळलेले नाहीत, कुणी गोड केलेले नाहीत. यावर कुणाला बोट ठेवता येणार नव्हतं.

तेव्हा जायचं असेल तर जा. घर जुनं आहे, बाग चांगली आहे, खजूर उत्तम आहेत. फ्रान्स बघायचं असेल तर पैसे साठवा आणि फ्रान्सला जा, वेळेवर.

दुसऱ्या दिवसाची वाट बघितली नाही. त्याच संध्याकाळी डबे दोन पिशव्यांत घेऊन आम्ही एक मजला खाली गेलो. पहिल्या दारापाशी ईशा माझ्या मागे उभी राहिली.

"यू डू इट," ती म्हणाली.

मी बेल वाजवली.