बाळसं नव्हे, सूज

शेवंता गेली तेव्हा मी भांडी घासत होते. तिचा नातू दारात येऊन म्हणाला, "आज्जी गेली." मी हात धुतले आणि गेले. गारखेड्यात आमची भिंतीला भिंत, जायला वेळ कुठं लागतो... मी रडले नाही. मला ते येत नाही. पण महिना होत आला तरी एकच विचार येतो. माझ्या मंगलला काय झालं होतं, ते या बाईला दिसलं कसं?

आम्ही धनगर. नवरा चितेगावच्या कारखान्यात लागला, म्हणून मेंढरं विकून इथं आलो. शेवंता बौद्ध. नामांतराच्या दंगलीत तिचं गावाकडचं घर जळालं, म्हणून ती आली. माझ्या सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "तिच्या घरचं पाणीसुदीक प्यायचं नाय."

मंगल तेव्हा नुकती चालायला लागलेली. गावाकडं शेळीच्या दुधावर वाढली, इथं चहात कुस्करलेली भाकरी. दूध आणू का म्हटलं की सासरे भडकायचे, "धनगरानं दूध इकत घ्यायचं?" घट्ट वरण कामावर जाणाऱ्याला, पोरीला वरचं पाणी. तरी तिचे गाल फुगले, पाय भरले. सासरे खूश. म्हणाले, "बाळसं धरलं पोरीनं."

शेवंताला चौकशा लई. एकदा ती आमच्या ओट्यावर बसून मंगलकडं बघतच राहिली.

"ही खेळत का नाय गं? माशी बसली तरी हाकलत नाय."

मग तिनं मंगलच्या पावलावर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"हे बाळसं नाय, सूज हाय. चल."

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तेच सांगितलं. अंगात प्रथिनं नाहीत. दूध, डाळ, अंडं द्या, थोडं थोडं द्या, नाहीतर पोर हातची जाईल.

घरी सासऱ्यांचं तेच, दूध विकत येणार नाही. शेवंता दारातून म्हणाली, "मग मामा, इज्जत पाजा तिला." आणि घरी जाऊन उकडलेलं अंडं घेऊन आली. तिनं ते कुस्करून मंगलला भरवलं. सासरे तोंड फिरवून बसले. पण नको म्हणाले नाहीत.

पुढच्या आठवड्यात ते गावाकडून शेळी हाकत आले. "दूध इकत घेतलं नाय," म्हणाले.

"व्हय मामा, शेळी झाडाला लागली व्हती!" शेवंता म्हणाली.

सूज उतरली तशी मंगल काडीसारखी दिसायला लागली. सासरे घाबरले. शेवंता म्हणाली, "आता खरी दिसतीय." मग एक दिवस मंगलनं वाटी ओढली आणि अजून पाहिजे म्हणून भोकाड पसरलं. तेव्हा कुठं मला धीर आला.

"तुला कसं कळलं गं?" मी किती वेळा विचारलं. "बघितलं," एवढंच म्हणायची. बघत तर आम्हीही होतो...

शेवंता गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मंगल सोयगावहून आली. शेवंताच्या घरात चूल बंद. फळीवर शेवंतानंच फडक्यात बांधून ठेवलेली मटकी होती, मोड फडक्याबाहेर आलेले. मंगलनं ती आमच्या घरी शिजवली आणि घेऊन गेली. शेवंताची नातसून तान्हं पदराखाली घेऊन कोपऱ्यात रडत होती, सकाळपासून उपाशी.

"खा," मंगल म्हणाली. "रडायलाबी अंगात जोर लागतो."

ती नको नको म्हणत राहिली. मंगल वाटी धरून समोरून हलली नाही. शेवटी खाल्लं तिनं, वाटी पुसून.

फडकं माझ्याकडंच राहिलंय. सध्या त्यात हरभरे आहेत.