जाड आवाजाच्या तबकड्या

माझे सासरे तुळजापुरात कचेरीत कारकून होते. तरुणपणी त्यांना नवरात्रातल्या नाटकात गायची फार हौस होती. पण आवाज जाड, खालच्या पट्टीतला. नाटकवाले म्हणाले, "ह्या आवाजात पदं कोण ऐकणार? तुम्ही पडदा ओढा." त्यांनी तो कितीतरी वर्षं ओढला. समोरच्या टाळ्या दुसऱ्यांना पडायच्या.

निजामाचं संस्थान विलीन झाल्यावर हैदराबादेला परत निघालेल्या एका साहेबानं सामान आवरताना त्यांना चावीचा फोनो आणि तीन तबकड्या दिल्या. तिन्ही इटलीतल्या एकाच नाटकवाल्याच्या, भरल्या थिएटरात तो गात असताना घेतलेल्या. तिकडं नाटकात बाप, राजा, वैरी ह्या कामांना असलाच जाड आवाज लागतो आणि लोक त्यासाठी गर्दी करतात, असं साहेबानं सांगितलं होतं. मामंजी ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मला नाही, कारण आमच्यात सून सासऱ्याशी बोलत नसे.

"लागला का हा बाबा ओरडायला," सासूबाई म्हणायच्या आणि मी पदराआड हसायची. एका तबकडीच्या शेवटी टाळ्या होत्या. त्या सुरू झाल्या की मामंजी ताठ बसत. घरात कुणी नाही असं समजून ते कधी त्याच्याबरोबर गातही. मी चुलीपाशी असे. शब्द त्यांनाही कळत नसावेत, पण गाता गाता दोघांचा आवाज एक होऊन जाई. चांगला होता हो त्यांचा आवाज. घरच्या आरतीतसुद्धा तो सगळ्यांना खालून धरून ठेवायचा.

मग फोनोची स्प्रिंग तुटली. तो पाचसहा महिने कोनाड्यात पडून होता. संक्रांतीच्या आधी एका सकाळी मामंजींनी तो चादरीत बांधला आणि सोलापूरची एसटी धरली. मला वाटलं, विकायला नेला. नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "असंल."

तेव्हा गल्लीत एक खूळ आलं होतं. तबकडी पालथ्या पातेल्यावर ठेवून कढत पाणी ओतायचं, मऊ पडली की कडेला चुण्या घालायच्या. झकास वाटी होते. हळदीकुंकवाला तिळगूळ ठेवायला मी तिन्ही तबकड्यांच्या वाट्या केल्या. मोठी हौशी ना मी.

संध्याकाळी मामंजी आले. फोनो ओट्यावर ठेवून त्यांनी चावी दिली. "नीट झाला बरं का," ते भिंतीकडं बघून म्हणाले. माझ्याशी बोलायचं तर ते भिंतीशीच बोलत. "ती टाळ्यांची तबकडी आणा."

मी दाराआडून वाटी पुढं सरकवली. तिच्यात तीळ होते.

त्यांनी ती उचलून बराच वेळ फिरवून पाहिली. फोनो चावी संपेस्तोवर रिकामाच फिरत होता. मग ते म्हणाले, "छान जमलीय." रागावले असते तर बरं झालं असतं.

मी माफी मागितली नाही. बोलायची रीत नव्हती, ही सबब मला फार सोयीची पडली. मीठ संपलंय हे मी भिंतीला सांगतच होते की. हेही सांगता आलं असतं.

त्यानंतर मामंजी कधी गायले नाहीत. आरतीला सगळ्यांच्या मागं उभे राहत आणि नुसत्या टाळ्या वाजवत.