कुंकू लावलेला चेक

आठ वाकळींचा चेक हातात आला त्या सकाळी अंबूबाई चौगुलेचा पाय जमिनीवर ठरेना. तिच्या हातची वाकळ माहीत नाही असं घर कळंब्यात सापडायचं नाही. तीस वर्षं ती जुन्या लुगड्यांचे थर लावून टाके घालत आली. मजुरी कधी पायलीभर जोंधळे, कधी शंभराच्या चार नोटा. पण स्वतःच्या नावाचा चेक? आयुष्यात पहिल्यांदाच! मलकापूरजवळ पर्यटकांसाठी खोल्या बांधणाऱ्या संयोगिताताईंनी तो दिला होता. बारा हजारांचा. वर आणखी वीस वाकळींची ऑर्डर.

एवढी जुनी लुगडी आणायची कुठून? कबनूरच्या इकबालभाईंनी मागावरच्या सुती तुकड्यांचं मोठं गठळं तिच्यासाठी पाच हजारांना बाजूला ठेवलं होतं. "अंबूमावशी, आज चारपातूर थांबतो," त्यांनी फोनवर बजावलं होतं. "चारनंतर दुसरं पावणं नेणार. मग माझ्या नावानं खडं फोडू नका."

म्हणून तर तिनं ताईंना चेकच्या कोपऱ्यावर त्या दोन तिरक्या रेघा मारू दिल्या नाहीत. "रेघा मारल्या की पैसं खात्यात जाऊन बसणार. मला आजच्या आज हातात पायजेत."

"कागद हाय त्यो," नवरा, सयाजी, चहा पिता पिता म्हणाला. "नाचतीस कशाला?"

"माझं नाव हाय त्यावर! तुमच्या नावाचा आलाय का कवा?"

मग घरात नवी वस्तू आली की करतात तेच तिनं केलं. चेक अंबाबाईच्या फोटोपुढं ठेवला, ओल्या कुंकवाचं ठसठशीत बोट त्याच्या माथ्यावर टेकवलं आणि हात जोडले. घडी घालून चेक बटव्यात, बटवा कमरेला, आणि अंबूबाई कोल्हापुरात ताईंच्या बँकेच्या दारात.

काउंटरवर यशराज नावाचा तरुण होता. "मावशी, मागं सही करा."

चौथीपर्यंतची शाळा तिनं त्या सहीत ओतली. एकेक अक्षर गिरवल्यासारखं, अंबूबाई सयाजी चौगुले. यशराजनं चेक सुलटा केला आणि तो थांबलाच. ओलं कुंकू घडीत दाबून बरोबर संयोगिताताईंच्या सहीवर उमटलं होतं. सही कुठली न् कुंकू कुठलं, कळेना.

मागं रांगेत उभी असलेली एक बाई वाकून बघत म्हणाली, "काय वो, चेकचं लगीन लावलंय काय?"

सगळी रांग खदखदली. यशराजनं तिला राजवर्धन साहेबांच्या टेबलाकडं नेलं. साहेबांनी चेक उजेडात धरला, तिरका केला, मान हलवली.

"आमच्याकडच्या सहीशी जुळल्याशिवाय पैसे देता येत नाहीत, मावशी."

तिनं पदराचं टोक ओलं केलं तसे साहेब ओरडले, "अहो, पुसू नका! आणखी पसरेल!"

"देवीचं कुंकू हाय साहेब, डाग न्हवं त्यो."

"मीही तिथंच हात जोडतो. पण सही दिसायला पाहिजे की नको? ताईंकडून दुसरा चेक आणा."

घड्याळात पाऊण वाजला होता. अंबूबाईनं तिथूनच फोन लावला. ताई रंकाळ्याजवळ फरशी बघत होत्या.

"ताई, चेकबुक घिऊन तशाच या! चारला माझं गठळं जातंय!"

अर्धी बँक वळून बघू लागली. वीस मिनिटांत ताई स्कूटीवरून आल्या, चेक बघून हसायला लागल्या, पण अंबूबाईचं तोंड बघून चेकबुक शोधू लागल्या. त्यांनी जुना चेक रद्द केला आणि नवा लिहून दिला. "सुकू दे हं मावशी. आणि आता ह्याला हळद लावू नका."

पुन्हा मागं सही. पाचशेच्या चोवीस नोटा. अंबूबाईनं त्या अंगठा ओला करून दोनदा मोजल्या. तिसऱ्यांदा सुरुवात केली तशी तीच मघाची बाई म्हणाली, "अवो, चार हितंच वाजतील की!"

इचलकरंजीची एसटी आज मुद्दाम हळू चालल्यासारखी वाटत होती. तिथून रिक्षा केली. "जरा दाब की बाबा," ती दर वळणाला म्हणत होती. कबनुरात पोचली तेव्हा चाराला दहा कमी होते आणि इकबालभाईंच्या दारात टेम्पो लागला होता! दोघा गड्यांनी गठळ्याला हात घातलेला.

"ठेवा खाली!" ती रिक्षातूनच ओरडली.

"धा मिनिटं हायती अजून, म्या सांगितलं त्यास्नी," इकबालभाई घाईनं म्हणाले. पण टेम्पोवाला व्यापारी हटेना. "पावणं, मी दोनशे जास्त देतोय. माल माझा."

अंबूबाई वाद घालत बसली नाही. पदर खोचला आणि गड्यांच्या मधून जाऊन सरळ गठळ्यावर बसली.

"आता उचला. माझ्यासकट."

गड्यांनी तिच्याकडं बघितलं, मग आपल्या मालकाकडं. व्यापाऱ्याला हसू आवरेना. "सोडा रं. ही बाई काय उठायची न्हाय," म्हणत त्यानं टेम्पोला किल्ली लावली.

टेम्पो कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती हलली नाही. मग बसल्या जागेवरूनच दहा नोटा इकबालभाईंच्या हातात ठेवल्या आणि प्यायला पाणी मागितलं.