शमूनं पेला का घेतला नाही

शमू गेला ते सोमवारी सकाळी कळलं. मी गोठ्यात शेण काढत होतो. त्याचा जावई कुंपणापाशीच थांबला, आत आला नाही. “मोठे मामा, मामा गेले,” एवढं बोलला आणि माघारी वळला. मी पाटी उकिरड्यावर ओतली, हात धुतले, मंग निघालो. घाई केली नाही. घाई आदल्या दिवशी करायची होती…

शमुवेल माझा पाठचा भाऊ. घनसावंगीकडचं आमचं गाव, पत्र्याचं लहान चर्च, ख्रिस्ती घरं थोडी. देवाच्या आज्ञा आम्ही दोघांनी एकाच चटईवर बसून पाठ केल्या. मी चौथीत शाळा सोडली, पण आज्ञा म्हणण्यात त्याच्या पुढं होतो. पाळण्यात तो पुढं गेला, आणि ते मला कधी सोसलं नाही. माझ्या रानाला लागून किसनचं रान. नांगरताना मी दरसाली एक तास, नांगराची एक रेघ, त्याच्या बांधात घ्यायचो. सगळेच कोरतात. खुणेचा दगड आडवा आला तर तोही उपटून विहिरीत टाकला. किसननं मोजणी आणली तेव्हा पंच म्हणून शमूला उभं केलं. घरून निघतानाच मी त्याला बजावलं होतं, गप राह्य. मोजणीवाल्यानं जुनी खूण विचारली. शमू माझ्याकडं बघत राह्यला, मंग चालत गेला आणि हातातली काठी मातीत रोवली. “हितं व्हता दगड, साहेब. दादानं काढला.” साऱ्या गावासमोर. त्या दिवशी मी त्याला म्हणलं, तू मला मेलास. पुढं बरेच दिवस हॉटेलात चहा प्यायला गेलो की कुणीतरी विचारायचंच, “काय मोठे, धाकट्यानं बराबर मोजलं ना?”

आमच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा लहान पेला. भावाचं मन आपल्यावरून दुखलेलं असेल तर आधी त्याच्याशी समेट करायचा, मंग प्रभूच्या मेजाशी यायचं, अशी आज्ञा आहे. ती सगळ्यांना माहीत आहे, आणि सगळे पेला घेतात. शमू घेत नव्हता. आदल्या दिवशी सांजच्याला माझ्या दारात यायचा.

“दादा, सलाम. उद्या प्रभुभोजन हाय.”

“मंग जेव की. मला कशाला आवतन?”

“तुझं मन दुखवलं, त्याची माफी दे.”

“साक्ष खोटी दिली म्हण. आत्ता देतो.”

“ते कसं म्हणू, दादा? ती खरी व्हती.”

मी आत जायचो. नऊ वर्षं हे असंच चाललं. चर्चमध्ये मी पुढच्या बाकावर बसून पेला प्यायचो, आणि मागं शमूपाशी पेल्यांचा ट्रे आला की तो तसाच पुढं सरकवायचा. लोक कुजबुजायला लागले. काहीतरी मोठं पाप केलं असेल, बाईबिईचं असेल. माझ्या कानावर यायचं. माझ्या एका शब्दानं ते थांबलं असतं. मी तो शब्द बोललो नाही आणि शमूनंही माझं नाव कधी घेतलं नाही.

पोटाच्या दुखण्यानं त्याला धरलं. जालन्याच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. त्या रविवारी पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन त्याच्या घरी गेले. शमू म्हणाला, “आधी दादाला बोलवा.” त्याची बायको मार्था धावत आली. मी ओसरीवरच बसलो होतो.

“म्हणावं, साक्ष चुकली म्हण. येतो.”

ती गेली. थोड्या वेळानं परत आली. पदर तोंडाशी धरला होता. “त्यांची वाचा बसली, भाऊजी. आता कसं म्हणतील?”

मी म्हणलं, “उद्या बघू.”

पाळकसाहेबांनी मला नंतर सांगितलं, पेला ओठाशी नेला तर शमूनं तोंड भिंतीकडं फिरवलं. नऊ वर्षांची तहान घेऊन तो तसाच गेला…

माती देताना पहिली मूठ मोठ्या भावाची म्हणून मला पुढं केलं. मी टाकली. कुणी काही बोललं नाही. म्हणून मी हे लिहून राह्यलो. शमूनं कसलं पाप केलं नव्हतं. एक आज्ञा, खोटी साक्ष देऊ नको ही, त्यानं माझ्याविरुद्ध पाळली आणि दुसरी, समेटाची, माझ्यासाठी. दोन्हीकडून त्याला मीच अडवलं. काठी रोवली ती जागा बिलकुल बराबर होती.

परवा मार्थाकडं गेलो. खाट काढून टाकली आहे. त्या जागेपाशी प्लास्टिकची एक खुर्ची आहे.

“बसा, भाऊजी,” मार्था म्हणाली. “तुमचीच हाय. पंधरा दिस त्यांनी कुणालाच तिच्यावर बसू दिलं न्हाई. म्हणायचे, दादाचे गुडघे धरलेत, त्याला खाली बसता यायचं न्हाई.”

तिनं चहा आणला. मी तो उभ्यानंच प्यालो.