डब्यातला आवाज

कालव्याचा पूल मागे पडला तसे बाईंचे पाय जड झाले. घरातून निघताना तोंडाची टकळी सुरू होती; अर्धी वाट सरली आणि बोलणंच आटलं. खांद्यावरच्या पिशवीत स्टीलचा डबा होता, डब्यात जुना मोबाईल. पाऊल पडलं की तो आत खुळखुळायचा.

"डबा कशाला घेतलास गं?" वन्संनी विचारलं. वन्सं म्हणजे बाईंच्या नवऱ्याची थोरली बहीण. "माफी मागायला चाललीस की दूध आणायला?"

एरवी बाई खळखळून हसल्या असत्या. आज नुसत्या म्हणाल्या, "तुम्ही आलात म्हणून निघाले तरी. एकटी असते तर पुलावरूनच परत फिरले असते."

"म्हणूनच आले. आणि घाईत चष्मा घरीच राहिला. आता वाटेतले खड्डे तूच सांग मला."

बाईंकडे पहिली आणि दुसरी असे दोन वर्ग, तेही एकाच खोलीत. एकीकडे लक्ष द्यावं तर दुसरीकडे बाजार भरायचा. मग त्यांना एक युक्ती सुचली होती. काच तडकलेला, सिमकार्ड नसलेला नवऱ्याचा मोबाईल घरात पडून होता. पुस्तकातले सगळे धडे त्यांनी आपल्या आवाजात वाचून त्यात भरले. मोबाईल रिकाम्या डब्यात उभा केला की आवाज घुमून खोलीभर पोचायचा. अर्धी पोरं डब्याभोवती बसून ओळीखालून बोट फिरवायची, उरलेल्या अर्ध्यांना बाई फळ्यावर बघून लिहायला लावायच्या. खर्च शून्य. चार महिन्यांत पोरं डब्याबरोबर धडाधड म्हणायला लागली. साहेब बघायला आले, फोटो निघाले, आसपासच्या शाळांतल्या शिक्षिका आपापले डबे घेऊन आल्या. गावभर त्यांचं नाव पडलं, डब्याच्या बाई.

पाहुणे आले की बाई चिमणीला पुढे करायच्या. पंक्चरवाल्याची मुलगी, वीतभर जीव, पण वाचायला लागली की ऐकणाऱ्याने बघत राहावं. कुठे अडणं नाही, कुठे चाचरणं नाही. तिच्या जोरावर बाईंनी किती टाळ्या घेतल्या ते देवालाच ठाऊक.

ती चिमणी यंदा मोठ्या शाळेत गेली. तिथल्या बाई परवा किराणा दुकानात भेटल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमच्या चिमणीला नवं पुस्तक दिलं वाचायला. बोट नव्या धड्यावर आणि तोंडात तुमचा जुना धडा. अख्खा म्हणून दाखवला हो! वर्ग हसून लोटपोट झाला. तेव्हापासून पोर शाळेत आलेलीच नाही."

तेव्हापासून बाईंना घास गोड लागत नव्हता. सकाळी देवासमोर हात जोडले की डोळ्यांपुढे डबाच यायचा.

"अगं, तुला काय माहीत होतं?" वन्सं समजावत होत्या. "पाठ केलं पोरीनं. तुझा काय दोष?"

बाई थांबल्या. रस्त्याकडेच्या नळावर कोणी मुलगी घागर भरत होती, ती जाईपर्यंत गप्प राहिल्या.

"माहीत होतं, वन्सं. साहेब आले होते त्या दिवशी चिमणीच्या पुस्तकाची दोन पानं चिकटलेली होती. तिनं दोन्ही एकदम उलटली आणि तरी मधल्या पानाचंच म्हणत राहिली. मी बघितलं ते. पुढे झाले, हळूच पान सोडवलं आणि साहेबांकडे बघून हसले."

वन्संच्या हातातली छत्री उगाच या हातातून त्या हातात गेली.

पंक्चरचं दुकान पुढे, घर मागे. चिमणीचा बाप घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबून बुडबुडे शोधत होता. बाईंना बघून तो ओल्या हातांनीच उठला. आतून आई आली, पदराला हात पुसत.

"बाई, तुम्हीच सांगा हिला," आई सुरूच झाली. "एवढी वाचणारी पोर, आणि म्हणते शाळेत जायचं नाही! रोज संध्याकाळी आम्हाला वाचून दाखवायची. आम्ही अडाणी, पण ऐकताना ऊर भरून यायचा."

चिमणी टायरांच्या ढिगामागे उभी होती. फक्त एक वेणी दिसत होती.

"तिला वाचता येत नाही," बाई म्हणाल्या. "माझा आवाज तिनं पाठ केलाय. अक्षर ओळखायला मी शिकवलंच नाही."

बाप बघत राहिला. "म्हणजे रोज आम्हाला बनवत होती?"

"ती नाही. मी बनवत होते. तुम्हाला, साहेबांना, सगळ्यांना. मला कळलं होतं आणि मी गप्प बसले. मोठेपणा सुटला नाही."

आई मुकाट्यानं आत गेली, ती पाणीही घेऊन आली नाही. बापानं ट्यूब पुन्हा पाण्यात दाबली. "पंक्चर झालंय हे गिऱ्हाईकाला आधी सांगावं लागतं, बाई," तो खाली बघतच म्हणाला. "हवा भरून देऊन चालत नाही."

बाईंनी मान खाली घातली. ऐकून घ्यायलाच त्या आल्या होत्या.

कोंडी फोडायला वन्सं टायरावर बैठक मारून बसल्या. बाईंच्या पिशवीतून त्यांच्या वर्गातलं जुनं पुस्तक काढलं आणि हात लांब करून, डोळे बारीक करून, मोठ्यानं वाचू लागल्या. दोन ओळी नीट गेल्या. मग ढिगामागून आवाज आला.

"एक ओळ खाल्ली!"

"मी? शक्यच नाही. इथे नाहीच आहे ती ओळ."

"आहे! बदक तळ्यात जातं, ते राहिलं!"

"दाखव बघू कुठे आहे. मला चष्म्याशिवाय दिसत नाही बाई."

चिमणी बाहेर आली. बोट टेकलं, पण आज ते सरकेना. तिनं पहिल्या शब्दापासून पुटपुटत एकेका शब्दावर बोट ठेवलं, चुकली, पुन्हा वरून सुरुवात केली. आई दारात येऊन उभी राहिली. बऱ्याच वेळानं पोरीचं बोट एका ठिकाणी थबकलं.

"हे बदक," ती म्हणाली. मग बाईंकडे न बघता, "यातलं पहिलं कोणतं अक्षर?"

"ब," बाई म्हणाल्या.

निघताना बापानं एवढंच म्हटलं, "रविवारी येत जा. शिकवून झाल्याशिवाय ती मोठ्या शाळेत जायची नाही." त्यात राग होता, पण दार बंद नव्हतं.

परतीच्या वाटेवर बाई स्वतःशीच पुटपुटत होत्या. पूल आला तेव्हा वन्संनी हटकलं, "काय चाललंय?"

"ओळ खाऊन बघतेय. जमत नाही. पाठ झालेलं तोंड, आपोआप बरोबरच येतं."

त्यांनी डबा पिशवीतून काढून वन्संच्या हातात दिला. आत मोबाईल खुळखुळला.

"माझ्या वर्गात अजून तशाच चिमण्या बसल्यात, वन्सं. मागच्या साली गेलेल्यांचं तर मला माहीतही नाही. त्यांच्याही घरी जाईन. पण उद्या वर्गात काय लावू? तुम्ही जन्मभर देवापुढे स्तोत्रं म्हणताय, एक अक्षर इकडचं तिकडे होऊ दिलं नाहीत, मला ठाऊक आहे. तरी माझ्यासाठी एवढं करा. सगळे धडे तुमच्या आवाजात यात भरून द्या. आणि पोरांना पुस्तकात बघून पकडावं लागेल असं प्रत्येक धड्यात कुठेतरी मुद्दाम चुका."