बिनझाकणाचे सर

मोताळ्याला एसटी स्टँडमागच्या गल्लीत सरांचा कॉम्प्युटर क्लास होता आणि तिथल्या एकाही कॉम्प्युटरला झाकण नव्हतं. पंखा, तारा, हिरव्या पाट्या, सगळं उघडं. उन्हाळ्यात त्यात धूळ जायची, पावसाळ्यात किडे. सर ते सायकलच्या पंपाने फुंकून काढत. नवीन पोरं दचकली की म्हणत, "भेऊ नको बे. आत साप नाही." गावाने त्यांचं नाव बिनझाकणाचे सर ठेवलं होतं. त्यांना त्याचं वाईट वाटत नसावं. कुणी फोनवर पत्ता विचारला की ते स्वतःच सांगत, "स्टँडवर उतरा अन् बिनझाकणाचा क्लास विचारा. कोणीबी दाखवीन."

प्रवेश घेतला की पहिल्याच दिवशी हातात पेनड्राइव्ह मिळे. क्लासमधली सगळी सिस्टिम त्यात असे, कुणा कंपनीची नव्हे, कुणीही वापरावी आणि वाटावी अशी. घरी किंवा कुणाकडे कॉम्प्युटर असेल तर लावून पाहा, शेजाऱ्यालाही द्या, फक्त पेनड्राइव्ह परत आणा, एवढीच अट. एकीने विचारलं, "सर, सगळ्याइले वाटून टाकलं तं तुमच्यापाशी काय राहीन?" सर म्हणाले, "तुह्या मायनं शेजारणीले विरजण देलं, तं तुमच्या घरचं दही कमी झालं का व?"

पालकांना हे पटवणं अवघड होतं. एक गृहस्थ दारातूनच म्हणाले होते, "तुम्ही म्हणे फुकटाचं शिकवता. कंपनीचं नाही." सर शांतपणे म्हणाले, "फुकटाचं नाही, मोकळं आहे. फुकटाचं तं कंपनीचंबी भेटते. चोरलेली सीडी बाजारात पाह्यजे तितकी आहे. मी पोराइले चोरी शिकवत नाही अन् कुलूपही शिकवत नाही." गृहस्थ मान हलवून निघून गेले. मुलाला त्यांनी मलकापूरच्या क्लासला घातलं.

मलकापूरच्या त्या क्लासला काचेचं दार होतं, एसी होता आणि कंपनीचं सर्टिफिकेट होतं. नोकरीच्या जाहिरातीत तेच मागत. सरांच्या बाकांवर जागा रिकाम्या पडू लागल्या. एका वर्षी सरांनी त्याच कंपनीची पाटी आपल्याही दारावर लावली. नवीन, झाकणबंद मशीन आली. त्यांच्या स्क्रूवर कागदी सील होतं, ते तुटलं तर करार रद्द. पासवर्ड कंपनीच्या माणसाकडे. पेनड्राइव्ह देणं बंद झालं. मी त्याच वर्षी प्रवेश घेतला. जुनी उघडी मशीन मागच्या खोलीत होती. अभ्यासक्रम संपवून वेळ उरला की सर आम्हाला तिकडे नेत. पुढच्या खोलीत ते पुस्तकातलं बोलत आणि मागच्या खोलीत स्वतःचं.

परीक्षा रविवारी होती. आसपासच्या गावांतून मुलं-मुली जीपने आली होती. स्क्रीन सुरू झाल्या आणि सगळ्यांवर एकच ओळ आली : परवान्याची मुदत संपली आहे, विक्रेत्याशी संपर्क साधा. परवाना वाढवायचं कंपनीकडूनच राहून गेलं होतं. सरांनी फोन लावला. पलीकडचा म्हणाला, सोमवारी पाहतो. वाघजाळहून आलेल्या एका मुलीचं त्याच आठवड्यात लग्न होतं. ती म्हणाली, "सर, मले उद्या कोणी येऊ देणार नाही."

सर फोन ठेवून उठले. मग त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. सील फाडलं, झाकण काढलं आणि आतला नाण्याएवढा सेल उचकटला. तो काढला की ही मशीन पासवर्ड विसरतात, हे त्यांनीच आम्हाला मागच्या खोलीत शिकवलं होतं. एकेक करत सगळी उघडली, पेनड्राइव्हवरून आपली सिस्टिम चालू केली आणि अभ्यासक्रमातले प्रश्न फळ्यावर लिहून परीक्षा घेतली. "चूक त्याईची आहे," ते म्हणाले. "पेपर पाहतीन, तं मानतीन."

कंपनीने पेपर पाहिलेच नाहीत. माणूस आला, त्याने फाटलेल्या सीलचे फोटो काढले, पाटी उतरवली आणि मशीन टेम्पोत घालून नेली. आमच्यापैकी कुणालाही सर्टिफिकेट मिळालं नाही. बुलढाण्याच्या एका कॉलेजात कारकुनाची जागा निघणार होती आणि तो कागद नसेल तर मला अर्जही करता येणार नव्हता. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करत. माझ्या नोकरीवर सगळ्यांचे डोळे होते.

सर प्रत्येक मुलाच्या घरी गेले. आमच्याकडे आले तेव्हा वडील नुकतेच कामावरून आले होते, अंगाला कापूस तसाच. "जय भीम सर, या," म्हणाले, खाट झटकली, पाणी दिलं आणि मग बोलले, "तुमचं खरंच असंन, सर. पण तिले कागद पाह्यजे होता. एक दिवस थांबले असते."

"हाव," सर म्हणाले. "थांबायले पाह्यजे होतं."

जिच्यासाठी सील फाडलं, त्या वाघजाळच्या मुलीचं नावही त्यांनी घेतलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात ते आम्हाला स्वतः मलकापूरला घेऊन गेले, त्या काचेच्या दाराच्या क्लासमध्ये. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "काका, तुम्ही पालक का?" सर म्हणाले, "तसंच समजा." आत जाऊन त्यांनी मालकाला विनंती केली, की या पोरांचा अभ्यास पूर्ण झाला आहे, फक्त परीक्षेला बसू द्या. मालक परीक्षेपुरत्या फीवर तयार झाला. आमचे फॉर्म भरून होईपर्यंत सर बाकावर बसून होते. शेजारच्या मशीनचा पंखा घरघरत होता. सरांचा हात दोनदा खिशाकडे गेला आणि दोन्ही वेळा परत आला.

मी पास झाले. त्या कागदावर मला नोकरी लागली, हे खरं आहे. कॉलेजातलं मशीन अडलं की मी कंपनीच्या माणसाची वाट पाहत बसत नाही, हेही खरं आहे.

क्लास पुढे चालला नाही. सर मुलीकडे नाशिकला गेले. जाण्याआधी त्यांनी मागच्या खोलीतली मशीन विद्यार्थ्यांना वाटून टाकली. माझं मशीन ते स्वतः रिक्षाने घेऊन आले. मी विचारलं, "सर, याचं झाकण?"

"भंगारवाल्याले देलं कवाचंच. त्याच्यात क्लासचा झाडू आला."

त्यांनी मशीन जोडलं. वडील दारापाशीच उभे होते, हात मागे बांधून. सर म्हणाले, "भाऊ, या ना जवळ. आत साप नाही." मग दोघं बराच वेळ त्या मशीनवर वाकून होते. काय बोलले ते मी ऐकलं नाही, मी चहा ठेवत होते.

सरांचा अधूनमधून फोन येतो. पहिली चौकशी मशीनची, दुसरी माझी. मशीन चालू आहे. आई त्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा टाकते. घरी पाहुणे आले की वडील तो तुकडा काढून घडी घालतात, पंखा फिरताना दाखवतात आणि पाहुणे मागे सरकले की म्हणतात, "भेऊ नका. आत साप नाही."